कॉम्प्युटरची मुसकी

चाचांच्या हिशेबाने मी चार डिग्री पुढे होतो. म्हणजे माणूस म्हणून. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देणारा, एक घास तोंडात असताना दुसरा उचलणारा, वर्गात प्रश्न विचारून त्याचं उत्तरही स्वतःच सांगून मोकळा होणारा. माझी बायको मात्र त्यांच्या मते बरोब्बर पाचावर होती. हा निकाल त्यांनी आमच्या घरी एकदाच चहा पिऊन दिला, आणि बायकोने तो आजतागायत जपून ठेवला आहे.

पाच म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. जव्हारच्या बाजारातून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर, एका शिंप्याच्या दुकानाला लागून चाचांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि एक खिळा. कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आलं, कॉम्प्युटर आला, पण ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर अजून गेला नव्हता, अशा मधल्या पिढीतल्या गाड्यांचे ते डॉक्टर. पिस्टन वर पोचायच्या पाच डिग्री आधी ठिणगी पडायला हवी. फार आधी पडली तर इंजिन ठोके मारतं, उशिरा पडली तर गाडी रडतखडत चढते. डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे-तिकडे फिरवून ही वेळ बसवायची, याला टायमिंग करणं म्हणतात. चाचांनी या पाच डिग्रीवर आयुष्य काढलं आणि जगातली यच्चयावत माणसं त्याच मापाने मोजली.

नाशिकहून येणारी एसटी बारा मागे होती. आमचे मुख्याध्यापक दहा मागे. "पण एकसारखे मागे," चाचा म्हणत, "असा माणूस बरा. रोज हलतो त्याचं काय करणार?" शेजारच्या शिंप्याच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलगा तीन मागे आणि मुलगी तीन पुढे असं मोजून त्यांनी होकार द्यायला लावला. संसार नीट चालला आहे. त्याचं श्रेय मुलीकडे जातं असं मला वाटतं, पण शिंपी अजून चाचांचे पाय धरतो.

सूर्यमाळच्या बाजूला मी ज्या पाड्यावर शिकवतो, तिथे एकदा नळाचं उद्घाटन झालं. ओटा बांधला, त्यावर चकचकीत तोटी बसवली, तिला हार घातला. पुढारी आले, फीत कापली, टाळ्या झाल्या, आमच्या मुलांनी स्वागतगीत म्हटलं. फक्त पाइप यायचा होता. तो अजून यायचा आहे. बायका त्या ओट्यावर नाचणी वाळवतात. मी ही हकिगत गॅरेजमध्ये रंगवून सांगितली तेव्हा सगळे हसले, चाचा हसले नाहीत. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "पेट्रोलच्या आधी ठिणगी. याला टायमिंग पुढे बोलतात, गुरुजी. आणि तुम्ही तिथे गाणं बसवलं." गाण्याचा उल्लेख मी करायला नको होता.

आमच्याकडचे बाकीचे मेस्त्री टायमिंग कानाने करत. इंजिन चालू ठेवायचं, डोळे मिटायचे, मान तिरकी करायची, डिस्ट्रिब्युटर हलवायचा आणि आवाज गोड लागला की बोल्ट आवळायचा. हे बघायला छान वाटतं. गिऱ्हाइकाला वाटतं, केवढा गुणी माणूस. चाचांना या गुणी माणसांचा मनापासून राग होता. इंजिन गात नाही, हिशेब करतं, असं त्यांचं म्हणणं. कान आपल्याला हवं तेच ऐकतो. ते इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पुलीवरच्या बारीक खाचेला पानवाल्याकडून आणलेला चुना बोटाने लावत, दर ठिणगीसरशी लुकलुकणारी टायमिंगची बत्ती तिच्यावर धरत आणि तिच्या उघडझापीत ती पांढरी रेघ पाचाच्या खुणेवर स्थिर उभी दिसेपर्यंत मान वर करत नसत. ही बत्ती ते लोकरीच्या माकडटोपीत गुंडाळून ठेवत. स्वतः मात्र थंडीत उघड्या डोक्याने हिंडत.

पण बत्तीला अंधार लागतो, आणि चाचा दिवे लागले की दुकान बंद करत. मग त्यांनी घोंगडी काढली. उघड्या बॉनेटवर घोंगडी टाकायची आणि तिच्या आत कमरेपर्यंत शिरायचं. मे महिन्यातसुद्धा. बाहेर फक्त दोन पाय आणि चपला. आतून हुकूम येत: पंखा बंद, दिवे बंद, रेडिओ बंद. मग शिंप्यालाही मशीन थांबवावं लागे, त्याच्या मशीनचा गाडीशी काडीचा संबंध नसताना. शेवटचा हुकूम गाडीमालकाला असे: तुम्ही पण बंद. पावसाळ्यात दाभोशाचा धबधबा बघायला येणारे मुंबईकर हा प्रकार बघून थबकत. एका बाईंनी मला हळूच विचारलं होतं की ही इथली पारंपरिक पद्धत आहे का. मी म्हटलं हो, फार जुनी. त्यांनी तेवढ्यात चाचांच्या पायांचे सात-आठ फोटो काढले.

आता मुसकीबद्दल. या मधल्या पिढीच्या गाड्यांत एक गोम असते. कॉम्प्युटर ठिणगीची वेळ सतत स्वतःच्या अकलेने मागे-पुढे करत असतो. तो गप्प बसल्याशिवाय मूळची वेळ बसवता येत नाही. त्यासाठी बॅटरीजवळच्या एका छोट्या सॉकेटच्या दोन भोकांत एक तार अडकवायची. तार आहे तोवर कॉम्प्युटर हात बांधून बसतो. टायमिंग झालं की तार काढायची, मग तो परत आपल्या कामाला लागतो. चाचा हे नाशिकला जाऊन शिकून आले तेव्हा त्यांनी ते एका दाभोशाच्या जीपवाल्याला समजावून सांगितलं. त्या जीपवाल्याची भातशेती. तो म्हणाला, म्हणजे मळणीला बैलाच्या तोंडाला घालतो ती मुसकीच की. चाचांनी तो शब्द तिथल्या तिथे उचलला आणि नाशिकच्या सरांनी दिलेलं इंग्रजी नाव विसरून गेले.

शब्दाबरोबर त्यांनी त्याचा धर्मही उचलला. मुसकी कामापुरती. बैलाने दाण्यात तोंड घालू नये म्हणून बांधायची, आणि मळणी झाली की बांधणाऱ्यानेच सोडायची. "राहिली तर बैल उपाशी मरतो, आणि सांगू पण नाही शकत," चाचा म्हणत. "ज्याच्याकडून राहील त्याने बैल पाळू नये. माझ्याकडून ज्या दिवशी राहील, त्या दिवशी टायमिंगचं काम बंद." असं ते दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला ऐकवत. अशा तीन तारा त्यांच्याकडे होत्या, प्रत्येकीला लाल चिंधी बांधलेली, विसरू नये म्हणून. काम संपलं की वापरलेली तार भिंतीवरच्या खिळ्याला लागे. मग चाचा परत येऊन सॉकेटला बोट लावून बघत, परत जाऊन खिळ्याला बोट लावून बघत, आणि मोठ्याने जाहीर करत, मुसकी काढली. तेव्हा कुठे किल्ली मालकाच्या हातात पडे. लोक या नाटकाला कंटाळत. मी तर फारच, कारण मी चार डिग्री पुढे.

माझी गाडी मी नाशिकच्या मेव्हण्याकडून घेतलेली. गाडी आली तसा मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो, आणि महिन्याभरात इंजिनाविषयी इतकं बोलायला लागलो की शाळेतले सहकारी मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गात जाऊन डबा खाऊ लागले. चाचांकडे गेलो की मी त्यांना सूचना करी. ते ऐकून घेत. गुरुजी या शब्दाला त्यांच्याकडे मान होता. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, आणि चौथीच्या गुरुजींचं नाव घेताना अजूनही उभे राहत.

त्या दिवशी सकाळी शाळेत तपासणी होती. गाडी आदल्या दिवसापासून चढाला ठोके मारत होती, म्हणून मी सातलाच गॅरेज गाठलं आणि घाई करून टायमिंग करून घ्यायला लागलो. चाचा घोंगडीतून घामाघूम बाहेर आले. चष्म्यावर वाफ धरली होती. ते शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत असताना मी बॉनेटखाली वाकलो आणि म्हटलं, मुसकी मी काढतो. मला येतं. आजवर त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, बरं, तुम्ही काढा. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. केंद्रप्रमुख सांगत होते की साहेब मोखाड्याहून निघालेसुद्धा. मी एका हाताने फोन कानाला धरला आणि दुसऱ्या हाताने बॉनेट आपटलं. घोंगडीची घडी घालत चाचांनी विचारलं, "गुरुजी, मुसकी काढली?" मी म्हटलं, "काढली, काढली."

मी खोटं बोललो असं त्या वेळी मला मुळीच वाटलं नाही. इतकी वर्षं मी वर्गाला 'समजलं का?' विचारतो आणि वर्ग एका सुरात 'होऽ' म्हणतो. त्यातल्या किती जणांना समजलेलं असतं हे मलाही ठाऊक असतं आणि त्यांनाही. माझं 'काढली' त्याच जातीचं होतं.

संध्याकाळी चाचांना खिळ्यावर एक तार कमी दिसली. त्या आठवड्यात त्यांनी तीन टायमिंगं केली होती, आणि तारा मोजल्या त्या शेवटच्या गाडीनंतर. तार कुठल्या गाडीत राहिली? पहिली गाडी साखरशेतच्या एका दुकानदाराची. तिथे ते दुसऱ्याच दिवशी जीपने गेले, बॉनेट उघडायला लावलं, सॉकेट रिकामं निघालं. दुसरी गाडी मोखाड्याच्या ठेकेदाराची, तो कामासाठी भिवंडीकडे गेलेला. तो परत येईपर्यंत चाचांचा जेवणावर जीव नव्हता. माझ्याकडे ते आले नाहीत. रस्त्यात भेटले तेव्हा स्वतःच म्हणाले, तुमचा तर प्रश्नच नाही, तुमची काढली होती, तुम्ही बोललात. मी मान डोलावली. आणि वर सल्ला दिला की बाजारात एक सूचना लावा.

सूचना अर्थातच मी लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. 'ज्या कोणाच्या चारचाकी वाहनात लाल चिंधी बांधलेली तार आढळेल त्यांनी ती त्वरित काढून गॅरेजमध्ये आणून द्यावी. तार तशीच राहिल्यास इंजिनास अपाय होतो.' चाचांना 'माझी चूक झाली' असं एक वाक्य हवं होतं, तेही मी शुद्ध करून 'अनवधानाने' असं घातलं. एक प्रत एसटी स्टँडवर, एक पानवाल्याकडे. त्याच आठवड्यात मी पाचवीला म्हणी शिकवत होतो. 'काखेत कळसा, गावाला वळसा' ही म्हण मुलांना नीट समजावी म्हणून मी फळ्यावर चित्रसुद्धा काढलं.

तीन आठवडे मी तशीच गाडी चालवली. उभी असताना ती इतकी शांत चालत होती की मी सगळ्यांना तिचा आवाज ऐकायला बोलवत होतो. चढाला मात्र बसत होती. सूर्यमाळच्या वाटेवर वीस माणसं कोंबलेल्या जीपने मला मागे टाकलं, मागे टांगलेल्या माणसाने हात हलवून निरोप घेतला. मी दोष पेट्रोलला दिला, हवेला दिला, माझ्या शेजारी बसणाऱ्या सहशिक्षकाच्या वजनाला दिला. बॉनेट उघडायचं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण टायमिंग नुकतंच झालं होतं आणि तज्ज्ञ मीच होतो.

शेवटी पाड्याच्या अलीकडे गाडी तापून वाफ सोडायला लागली. बॉनेट वर करून मी लांब उभा राहिलो. उन्हाळ्याचे दिवस, गाडीत पाण्याचा थेंब नाही. वाट चढून एक बाई येत होती, डोक्यावर दोन हंडे. माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई. खालच्या झऱ्यावर नंबर लावून तासाभराने भरलेलं ते पाणी. मी मागितलं नाही, तिनेच हंडा उतरवला. रेडिएटर निवेपर्यंत ती सावलीला बसली, मग अर्धा हंडा ओतला, मग उरलेला अर्धा.

"ही तं आमच्या बैलापेक्षा जास्त पितं, गुरुजी," ती म्हणाली. मग बॅटरीजवळ बोट दाखवून तिने विचारलं, "ही लाल चिंधी काय नजर लागू नाय म्हणून बांधली?"

मी बघितलं आणि हो म्हणालो.

भरलेला हंडा सावलीत ठेवून ती रिकामा घेऊन परत खाली उतरायला लागली. मी तिला गाडीतून सोडतो म्हटलं तर हसली, झऱ्याला गाडी जात नाही म्हणाली. ती वळणाआड गेल्यावर मी तार उपटली. गाडी उरलेला चढ अशी चढली की मला स्वतःची लाज वाटली. खरंच वाटली. त्या दिवशी मी वर्गात कुणाला समजलं का असं विचारलं नाही.

लाज वाटणं वेगळं आणि जाऊन सांगणं वेगळं. मी आठ दिवस गेलो नाही. तार शाळेच्या पिशवीत, हजेरीपटाखाली. एव्हाना मोखाड्याच्या ठेकेदाराची गाडी परत आली होती. तिच्यात तार नव्हती, पण ठेकेदाराने मध्ये भिवंडीत कुणाला तरी बॉनेट उघडू दिलं होतं. त्यानेच काढून फेकली असणार, असं चाचांनी ठरवून टाकलं. आपली मुसकी राहिली, परक्याने काढली. बोलल्याप्रमाणे त्यांनी टायमिंगचं काम बंद केलं. आता तेल बदलू, ब्रेक बघू, टायमिंगला नाशिकला जा, असं गिऱ्हाइकांना सांगू लागले. गावाने त्यावर मत बनवलं की म्हाताऱ्याची नजर गेली. शिंपी मला म्हणाला, वय होतंच हो. मी म्हटलं, होतंच.

बायकोला पिशवीत तार सापडली तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. तिने फक्त चपला माझ्यासमोर आणून ठेवल्या.

चाचा खड्ड्याच्या काठावर बसून स्पॅनर पुसत होते. मी तार त्यांच्यापुढे धरली. माझ्या गाडीत होती, म्हटलं. फोन आला, मी न बघताच काढली म्हणालो, चूक सगळी माझी, तुमची तिळमात्र नाही, मी स्टँडवर तसं लिहून लावतो, तुम्ही काम परत सुरू करा. हे सगळं मी एका दमात बोललो.

चाचांनी तार हातात घेतली, चिंधीची गाठ सुटत आली होती ती आवळली. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या.

"लिहू नका," ते म्हणाले. "चूक माझीच. मी जन्मात कधी कानाने काम नाही केलं, गुरुजी. त्या दिवशी केलं. तुम्ही काढली बोललात आणि मी ऐकून घेतलं." मग म्हणाले, "मास्तरच्या शब्दाला काय बत्ती लावून बघायची, असं वाटलं."

उठून त्यांनी तार खिळ्याला अडकवली. खिळ्याला बोट लावून बघितलं. टायमिंगचं काम त्यांनी परत सुरू केलं नाही. मी दोनदा विनवलं, बायकोने एकदा विनवलं. तिला ते म्हणाले, ताई, तुम्ही पाचावर आहात, तुम्हाला समजेल. तिला समजलं. मला ती अजून समजावून सांगत नाही.

हल्ली चाचा पंक्चर काढतात. पंक्चरला कान लागत नाही आणि कुणाचा शब्द लागत नाही. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा दिसतो. मी त्यांच्याकडे जातो. ते पूर्वीसारखाच चहा मागवतात, पूर्वीसारखंच गुरुजी म्हणतात, नळाला पाणी आलं का विचारतात. वागण्यात तसूभरही फरक नाही.

गेल्या आठवड्यात मागचं चाक बसलं म्हणून गेलो होतो. त्यांनी पंक्चर काढलं, चाक चढवलं. मी म्हटलं, बाकीच्या तिन्ही चाकांत हवा ठीक आहे, चाचा, घरून निघताना मी बघितली. आणि मी ती खरोखरच बघितली होती. ते "अच्छा" म्हणाले, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि हवेचा गेज घेऊन पहिल्या चाकापाशी जाऊन बसले.